सातवी गोटी निघत नाही

मी एक जुना लाकडी ढोल आहे. वाजवायचा नव्हे, फिरवायचा. माझ्या कुशीला पितळी दांडा आहे, पोटात गोट्या असतात आणि खाली एक तोंड आहे. दांडा फिरवला की गोट्या खडखडतात आणि एक गोटी तोंडातून खालच्या ताटलीत पडते. तिच्यावर आकडा असतो. त्या आकड्यावर आमच्या गावातल्या पोरांचं नशीब ठरतं असं म्हणतात. साफ खोटं आहे, मित्रांनो. नशीब ती घरूनच ठरवून आणतात, नाव मात्र माझं घेतात.

सध्या मी विज्ञान महाविद्यालयाच्या जिन्याखाली पडून आहे. शेजारी पाय मोडलेली बाकं आहेत आणि पाती गेलेला एक पंखा आहे. पाराना नदी इथून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे ओल कायमची. पण मला ओलीचं काही वाटत नाही. लपाचोच्या लाकडाचा आहे मी. त्याच्यात खिळा ठोकायला गेलं तर खिळाच वाकतो.

एव्हारिस्तो नावाच्या सुताराने मला घडवलं. त्याने आधी माझ्यासारखाच एक ढोल चर्चच्या जत्रेतल्या सोडतीसाठी केला होता. त्या माझ्या थोरल्या भावाच्या आकड्यांवर कोंबड्या आणि केक मिळायचे. मला कॉलेजात पाठवलं. शिकल्यासवरल्या घरात पडलो म्हणून मी फुशारलो होतो. भाऊ सुखी निघाला, हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

मी जीवरसायन विभागाचा. या विषयाचे नऊ भाग, म्हणून माझ्या पोटात नऊ गोट्या. आमच्याकडे शेवटची परीक्षा तोंडी असते. टेबलामागे तीन परीक्षक बसतात, मी त्यांच्यापुढे टेबलावर. विद्यार्थ्याने येऊन मला फिरवायचं, जो आकडा पडेल त्या भागावर फळ्यापाशी उभं राहून बोलायचं. हातात कागदाचा चिटोरासुद्धा नाही.

माझी चांगली वर्षं ओफेलियाबाईंच्या हाताखाली गेली. त्या विभागाच्या प्रमुख होत्या. दर शनिवारी सकाळी त्या मला कपाटातून काढायच्या आणि पोरांना बोलवायच्या. पुस्तकं, वह्या सगळं बाहेरच्या बाकावर. एकाने मला फिरवायचं आणि जो भाग निघेल तो अडेपर्यंत सांगायचा. पोरगा अडला की बाई खूश व्हायच्या. म्हणायच्या, अडलास ना, आता नेमकं कुठे जायचं ते कळलं, घरी जाऊन तेवढंच वाच. पुढच्या आठवड्यात त्याला वाटायचं सुटलो, तर बाई तिसऱ्याच कुठल्या भागाच्या मध्ये तेच विचारायच्या. पोरं आपापसांत बाईंना शिव्या घालायची. पण परीक्षेच्या दिवशी माझ्या दांड्यावर आलेला त्यांचा हात कोरडा असायचा. बाहेर पडताना माझ्या पाठीवर थाप मारून जायची ती, बैलाच्या पाठीवर मारावी तशी. ते दिवस आठवले की अजून बरं वाटतं.

मग पुराचं साल आलं. नदी तळमजल्यात शिरली, कपाट आडवं झालं, माझं झाकण उघडलं आणि गोट्या तरंगत निघाल्या. पाणी ओसरल्यावर आठ सापडल्या. सातवी नदीबरोबर गेली. त्याच साली ओफेलियाबाई निवृत्त झाल्या आणि एव्हारिस्तो तर आधीच गेला होता. कचेरीने कुठल्याशा फर्निचरवाल्याकडून नवी सातवी करून आणली. त्या शहाण्याने ती केसभर जाड केली.

झालं. फिरवलं की ती माझ्या तोंडाशी यायची आणि अडायची. परीक्षक मला एक चापट मारायचे, ती मागे जायची आणि दुसरी कुठली तरी बाहेर पडायची. एवढे शिकलेले लोक, सूक्ष्मदर्शकातून पेशी बघणारे, पण माझ्या तोंडात कुणी डोकावून पाहिलं नाही.

पोरांच्या मात्र लक्षात आलं. धड्यातलं काही लक्षात राहो न राहो, कुठली गोटी निघत नाही हे बरोबर लक्षात राहिलं. अंगणात तेरेरेचा, म्हणजे नळीने ओढायच्या थंड कडू चहाचा, पेला हातोहात फिरायचा, तशी ही बातमीही फिरायची. मोठ्याने धाकट्याला सांगायचं, धाकट्याने त्याच्या धाकट्याला: सातवी वाचू नकोस, निघत नाही. सातव्या भागात काय आहे हे हळूहळू कुणालाच आठवेना. म्हणून मी सांगतो. माणसाचं रक्त आंबट होऊ नये म्हणून शरीर रात्रंदिवस काय काय करतं, फुप्फुसं कशी धावून येतात, मूत्रपिंडं मागाहून कशी सावरतात, ते सगळं त्या भागात आहे. जी पोरं पुढे इस्पितळांत रक्त तपासायला बसणार होती, त्यांनी हेच सोडलं.

बरं, एक भाग सोडायची चटक लागली की माणूस एकावर थांबतो का? पुढची पोरं पाच-सहा भागांवर यायला लागली. मग उरलेल्या अभ्यासाची भरपाई म्हणून कुणी माझ्या दांड्याला मारियामातेचा ताईत घासायचं, कुणी फिरवण्याआधी फुंकर घालायचं. नापास झाली की म्हणायची, ढोल माझ्यावर उठलाय. अरे, मी लाकूड आहे. मी कशाला कुणावर उठू?

त्या पोरांतलाच एक होता रिवारोला. देखणा आणि बोलण्यात लोण्यासारखा. आठ भागांवर पहिला आला, सातव्याचं पानसुद्धा उलटलं नाही त्याने. पुढे तोच विभागप्रमुख झाला आणि टेबलाच्या पलीकडे मधल्या खुर्चीत बसला. त्याच्या डावी-उजवीकडचे दोघेही सातवी न वाचलेल्यांतलेच. तिघांनाही माझं तोंड अडतं हे ठाऊक होतं. चापट मारायचं काम रिवारोला स्वतः करायचा, आणि नेमकं हळूच करायचा, म्हणजे सातवी मागेच जाईल.

आता नोएलियाबद्दल सांगतो. नदीच्या वरच्या अंगाला एक लहानसं गाव आहे, तिथली ही पोरगी. आई रामोना बस थांबते तिथे टोपली घेऊन उभी राहते आणि चिपा विकते, ते चीजचे छोटे पाव. बाप नाही. पोरगी कष्टाळू, अगदी शपथेवर सांगतो. माझ्या काचेच्या कपाटासमोरच्या बाकावर ती सकाळपासून बसलेली असायची. पिवळ्या रंगाने व्याख्या, हिरव्याने क्रिया, गुलाबीने अपवाद. धड्याचा सारांश काढायची, मग सारांशाचा सारांश. अक्षर असं की बघत राहावं. ते कागद वाचून वाचून कापडासारखे मऊ झाले. वाचताना मान डोलवायची, हो, हो, माहितीय, माहितीय. पण तो कागद एकदा पालथा घालून, बघू या काय उरलंय डोक्यात, असं तिने कधी केलं नाही. मला तोंड आहे पण आवाज नाही, नाहीतर ओरडून सांगितलं असतं.

एकदा दुपारी तिने सातवा भागही उघडला होता. शेजारी फाकुंदो बसला होता, तिच्याच वर्गातला, मनाने चांगला पण आळशी. तोंडातली तेरेरेची नळी न काढताच तो म्हणाला, "अगं, त्याच्यावर रंग कशाला वाया घालवतेस? माझ्या काकाच्या वेळेपासून ती गोटी निघालेली नाही. रिवारोलालासुद्धा तो भाग येत नाही म्हणतात."

नोएलिया हसली. पान मिटलं आणि तिसऱ्या भागाला आणखी एक रंग दिला.

तिची ही शेवटची परीक्षा होती. बाकी सगळे विषय सुटले होते. तिच्या गावच्या इस्पितळात प्रयोगशाळेची एक जागा रिकामी होती आणि तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी ती नोएलियासाठी धरून ठेवली होती, पण वर्ष संपेपर्यंतच. डिसेंबरात ती पास झाली की जागा तिची. आईजवळ राहता आलं असतं आणि रामोनाचं उन्हात उभं राहणं संपलं असतं. नापास झाली तर पुढची परीक्षा थेट मार्चमध्ये, तोवर जागा दुसऱ्याची.

परीक्षेच्या दिवशी रामोना पहिल्या बसने आली. आमच्याकडे शेवटची परीक्षा पास झालं की घरचे आणि मित्र मिळून डोक्यावर अंडी फोडतात, वर पीठ ओततात. तिने टोपलीत अंडी आणली होती, घरच्याच कोंबड्यांची. खिडकीतून मला अंगणात बसलेली दिसत होती ती. टोपलीवर कापड झाकलेलं आणि चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं.

नोएलियाने माझ्या दांड्याला हात घातला. ओला गार हात. फिरवलं. पोटात खडखड झाली आणि सातवी तोंडाशी आली. मी नेहमीसारखा चापटीची वाट बघत होतो. पण इतक्या वर्षांच्या चापटांनी आणि घासण्याने माझं तोंड झिजलं होतं. ते माझं मलाही कळलं नव्हतं. गोटी अडली नाही. सरळ ताटलीत पडली.

नोएलियाने आकडा वाचला आणि मग रिवारोलाकडे पाहिलं. त्याचा चेहरा तिच्याआधी उतरला होता.

"डॉक्टर, ही गोटी निघत नाही," ती म्हणाली. खोटं बोलायची अक्कलच नव्हती पोरीला.

"निघाली की," रिवारोला म्हणाला. "बोला."

ती फळ्यापाशी गेली. मग पहिल्या दोन भागांतलं काहीबाही आठवत, जोडत, तिने एक समीकरण लिहिलं आणि त्याखाली एक रेघ ओढून क्रिया कुठल्या दिशेला जाते त्याचा बाण काढला. रिवारोलाच्या मांडीवर पुस्तक होतं. टेबलाखाली अंगठ्याने तो पानं उलटत होता. मी टेबलाच्या कडेलाच बसलेलो, मला सगळं दिसत होतं. त्याला सातवा भाग सापडेना. त्याने डावीकडे पाहिलं. डावीकडच्याने खिडकीबाहेर पाहिलं. उजवीकडचा चष्मा पुसायला लागला.

नोएलिया वळली. उद्धटपणे नाही, खरंच विचारायचं म्हणून तिने विचारलं, "डॉक्टर, एवढंच सांगा, हा बाण बरोबर आहे का? म्हणजे मला पुढे जाता येईल."

तिघांपैकी कुणालाच माहीत नव्हतं.

"परीक्षा तुमची आहे," शेवटी रिवारोला म्हणाला. "माझी नाही."

आणि दहापैकी दोन गुण लिहिले. मित्रांनो, तो बाण बरोबर होता. ओफेलियाबाईंच्या शनिवारी तो बाण मी इतक्यांदा पाहिला होता की डोळे मिटूनही ओळखला असता. पुढे कसं जायचं ते तिला आलं नसतं, हे कबूल. पण पहिली पायरी तिने बरोबर टाकली होती, आणि हे ओळखणारा त्या खोलीत एक लाकडाचा ढोल होता.

अंगणात तिला येताना पाहून रामोना उठून उभी राहिली. मग दोघींचं काहीतरी बोलणं झालं. रामोनाने टोपलीवरचं कापड चारी बाजूंनी नीट खोचलं आणि लेकीचा हात धरून बसकडे चालू लागली. फाकुंदो भिंतीला टेकून आपल्या पायांकडे बघत होता. नव्या वर्षाच्या आत इस्पितळातल्या जागेवर दुसरी कुणी आली.

विभागाची बैठक झाली. रिवारोलाने सांगितलं, ढोल बिघडलाय. ऐका! वीस वर्षं एक गोटी अडकत होती तेव्हा मी ठणठणीत होतो, आणि सगळ्या गोट्या नीट पडायला लागल्या त्या दिवशी मी बिघडलो. माझ्या जागी एक कापडी पिशवी आणली, तिच्यात आठ चकत्या. सातवा भाग वेळेअभावी अभ्यासक्रमातून वगळला. ठरावाला कुणी विरोध केला नाही. मला उचलून जिन्याखाली टाकलं.

जानेवारीत, म्हणजे आमच्याकडे भर उन्हाळ्यात, उन्हाने गाव भाजत असताना, नोएलिया आपले कागद न्यायला आली आणि तिला मी दिसलो. तिने मला कडेवर घेतलं, लेकरासारखं, आणि सातवा भाग पूर्वी कोण शिकवायचं ते विचारून काढून, दुपारच्या सामसूम रस्त्यांनी थेट ओफेलियाबाईंच्या घरी नेलं. बाई आता पुष्कळ थकल्या होत्या, गुडघे कामातून गेलेले. नोएलियाला त्या ओळखत नव्हत्या. मला ओळखलं. "याचे असे हाल कुणी केले?" म्हणाल्या आणि फडक्याने नाही, चक्क आपल्या बाहीने माझी धूळ पुसली. त्या दिवशी मला रडता आलं असतं तर बरं झालं असतं.

नोएलियाने सगळी हकीगत सांगितली आणि आपले रंगीत कागद पुढे ठेवले, म्हणाली, फक्त सातवा भाग शिकवा, बाकीचे येतात. बाईंनी कागद पालथे घातले आणि मला फिरवायला लावलं. पाचवी निघाली. नोएलिया चार वाक्यं बोलली आणि अडली. पुन्हा फिरवलं, दुसरी निघाली. तीन वाक्यं. पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. वर्षभर मान वर न करता वाचलेले भाग होते ते.

"तुला एक गोटी येत नव्हती असं नाही, पोरी," बाई म्हणाल्या. "नऊच्या नऊ येत नव्हत्या. ओळखीचं वाटतं म्हणून येतंच असं नसतं. शेजारी रोज दिसतो ना? आता डोळे मिट आणि त्याचं चित्र काढ."

मग सुरू झालं. रंग आणि कागद स्वयंपाकघरात, ही आणि मी बाहेरच्या खोलीत. फिरव, बोल, अड, तेवढंच जाऊन वाच, ये, पुन्हा बोल. आज नीट सांगितलेलं काही दिवस सोडून द्यायचं, विसरायला लागली की मुद्दाम विचारायचं. एकाच भागाला दिवसभर चिकटून बसायचं नाही. आता चौथा, मग नववा, मग परत चौथा. संध्याकाळी बाई तिला हाकलून द्यायच्या, जा, झोप नीट. बिचारी सुरुवातीला रोज चिडायची, की याने तर काहीच येत नाही असंच वाटतं. बाई म्हणायच्या, आधी येत नव्हतं तेव्हा येतंय असं वाटायचं, त्यापेक्षा हे बरं. फेब्रुवारी सरता सरता सातवी निघाली की नोएलिया खुर्चीवरून उठायचीसुद्धा नाही. आंबे खात बोलावं तसं बोलायची. श्वास का वाढतो, मूत्रपिंड उशिरा का जागं होतं, आणि तो बाण उलटा कधी फिरतो तेही. म्हाताऱ्या बाई डोळे मिटून ऐकायच्या.

मार्चमध्ये पिशवीतून तिच्या हाती तिसरी आली. दहापैकी दहा. तिने रिवारोलाला विचारलं, सातवा पण विचारा ना. तो म्हणाला, तो भाग आता नाही. रामोनाने अंडी फोडली, फाकुंदोने पीठ ओतलं, सगळे हसले. पण गावची जागा गेली होती ती गेलीच. ओफेलियाबाई त्याच हिवाळ्यात वारल्या.

रिवारोलाने नोएलियाला विभागात सहायक म्हणून घेतलं. लोक म्हणाले, मोठ्या मनाचा माणूस. मला विचाराल तर, जिला सगळं माहीत आहे ती डोळ्यांसमोर असलेली बरी, एवढाच त्याचा हिशेब. नेमणूक एका वर्षाची, दर मार्चला त्याच्या सहीने पुढे सरकणारी. नोएलियाने मला परत आणून जिन्याखाली ठेवलं, कारण मी कॉलेजच्या मालकीचा. जाताना म्हणाली, थोडे दिवस थांब, तुला वर नेते. आणि तिने खरंच विषय काढला. इथेच, जिन्याच्या तोंडाशी. शनिवारचा वर्ग सुरू करू या, सातवा भाग परत आणू या. रिवारोलाने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"नोएलिया," तो अगदी मायेने म्हणाला, "तुझी नेमणूक मार्चमध्ये संपते ना?"

तिने तो विषय पुन्हा काढला नाही. रामोनाचे पाय आता सुजतात, आणि तिचं औषधपाणी लेकीच्या पगारावर चालतं. मी तिला दोष देत नव्हतो.

परवा एक नवी मुलगी माझ्या वरच्या पायरीवर बसली होती. हातात मावशीचं जुनं पुस्तक. नोएलिया खाली येत होती. मुलीने तिला थांबवलं आणि विचारलं, "बाई, यात सातवा भाग आहे, आपल्या यादीत नाही. रक्ताचं काहीतरी आहे. वाचू का?"

नोएलिया थांबली. माझ्यासमोरच. मला वाटलं, आता सांगेल, आता बसेल त्या पायरीवर. तिने माझ्याकडे पाहिलंही, मी शपथेवर सांगतो.

"नको," ती म्हणाली. "विचारत नाहीत ते."

मुलीने पुस्तक मिटलं. दोघी आपापल्या वाटेने गेल्या.

मित्रांनो, मला पुसा, तेल लावा, टेबलावर मांडा, असलं काही मी मागत नाही. माझं लाकूड तुमच्यापेक्षा जास्त टिकेल. एवढंच करा: वाचलेलं पालथं घाला आणि काय उरलं ते स्वतःला विचारा. आणि एखादा भाग सोडून दे असं कुणी सांगितलं, तर त्याला स्वतःला तो येतो का, ते आधी विचारून बघा. रिवारोलाला येत नव्हता, म्हणून त्याने लपवला. त्याचा मला राग आहे, पण नवल नाही. नोएलियाला तो येत होता. माझ्यासमोर शिकली होती ती.